नाशिकहून हेवी मेटल कॉन्सर्टला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा मोठा मेटल बँड भारतात येतोय असं जाहीर झालं की दोन दिवसांत नाशिककरांचे प्रश्न येऊ लागतात. तिकीट, कान, पिट (स्टेजसमोरची गर्दी), घरच्यांची परवानगी असं सगळं त्यात असतं. पण सर्वांत जास्त प्रश्न रात्री परत यायचं कसं याचे असतात, म्हणून त्या भागाला इथे जास्त जागा दिली आहे. प्रश्नांना क्रमांक आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता तो क्रमांक दिला आहे.

१. जायचं कुठे? नाशिकमध्ये असा शो होत नाही का?

बाहेरच्या देशातला मोठा मेटल बँड पाहायचा तर मुंबई, नवी मुंबई, पुणे किंवा बंगळूर धरून चाला. नाशिकला सुलाफेस्टसारखे संगीत महोत्सव झाले, पण त्यांचा बाज वेगळा. भारतात या संगीताचं माहेर बंगळूर. आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड भारतात पहिल्यांदा वाजला तो १७ मार्च २००७ रोजी तिथल्या पॅलेस ग्राउंड्सवर. अमेरिकेच्या मेटालिका बँडचा ३० ऑक्टोबर २०११ चा शोही तिथेच झाला. मुंबईच्या वाट्यालाही मोठे दिवस आले आहेत. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपला जगभराचा दौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. त्या दौऱ्याचं बोइंग ७५७ विमान चालवणाऱ्यांत त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः होता.

नाशिककराला सर्वांत सोयीचं मुंबई. पुण्याला रस्त्याने साधारण २१० किलोमीटर पडतात आणि सरळ लोहमार्ग नाही. बंगळूरला जायचं तर दोन-तीन दिवसांची सुट्टी काढून जा.

२. मी मेटल फारसं ऐकलेलं नाही. तरी जाऊ का?

जा, पण आठवडाभर आधी तयारी करा. दौऱ्यावरचा बँड शहरागणिक गाण्यांची यादी फार बदलत नाही. आधीच्या दोन-तीन शहरांत काय वाजवलं ते इंटरनेटवर मिळतं. ती यादी त्याच क्रमाने चार-पाच वेळा ऐका. पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटतो. तिसऱ्या वेळेला गिटारची रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी मुख्य सुरावट, वेगळी ऐकू येऊ लागते आणि तिथून गाणं उलगडतं.

प्रत्यक्षात पहिला धक्का मात्र कानाला नाही, छातीला बसतो. ड्रमर दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवतो, त्याला डबल बेस म्हणतात. मिरवणुकीत नाशिक ढोलाच्या पथकासमोर उभं राहिलेल्या माणसाला ही भावना नवी नाही. टिपरू पडलं की बरगड्यांत जाणवतं, तसंच.

३. कोणतं तिकीट घ्यावं? फॅन पिट की जनरल?

बँड जवळून पाहायचा असेल आणि पाच-सहा तास उभं राहायची तयारी असेल तर फॅन पिट, म्हणजे स्टेजलगतचा वेगळ्या तिकिटाचा भाग. उत्तम आवाज ऐकायचा असेल तर मैदानाच्या मध्यावरचा मिक्सिंग डेस्क शोधा आणि त्याच्या जरा पुढे किंवा शेजारी उभे राहा. साउंड इंजिनिअर तिथे बसून आवाज जुळवतो, त्यामुळे त्या जागी गाणं सर्वांत समतोल पोचतं. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा मारा पुढच्या गर्दीच्या डोक्यावरून जातो. म्हणून अगदी रेलला, म्हणजे पुढच्या बॅरिकेडला, ड्रम आणि गिटार अंगावर येतात पण गायकाचा आवाज पातळ वाटू शकतो. बेसचे स्पीकर जमिनीवर असल्याने दोन पावलं सरकलं तरी तिथला घुमारा बदलतो.

उंची कमी असेल तर गर्दीच्या मधोमध उभे राहू नका, पाठीशिवाय काही दिसणार नाही. फॅन पिटच्या कडेला बॅरिकेडचा आधार मिळतो आणि बाहेर पडायलाही वाट असते. आमचं मत विचाराल तर पहिल्या शोला जनरल घ्या, डेस्कजवळ उभे राहा आणि वाचलेल्या पैशात मुंबईत रात्रीची खोली घ्या.

४. तिकीट विक्री सुरू होताच संपतात. काय चुकतं?

बहुतेकांचं पैसे भरताना चुकतं. आदल्या दिवशी खातं उघडून लॉगिन करून ठेवा, नाव आणि मोबाइल क्रमांक भरून ठेवा. यूपीआयची दिवसाची मर्यादा तपासा, कारण चार तिकिटांची रक्कम तिच्या पुढे जाऊ शकते. ऑनलाइन रांगेत लागल्यावर पान रिफ्रेश केलं तर तुम्ही बऱ्याचदा पुन्हा शेवटी जाता. जाहीर किमतीवर बुकिंग शुल्क आणि कर चढतो, तेवढी रक्कम खात्यात जास्त असू द्या.

५. ओळखीतल्या कुणाकडे जास्तीचं तिकीट आहे. घेऊ का?

ज्या ॲपवर काढलं त्याच ॲपमधून ते तुमच्या खात्यावर पाठवता येत असेल तरच घ्या. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे. एकच स्क्रीनशॉट पाच जणांना विकला जातो, गेटवर पहिला स्कॅन झाला की उरलेले चार बाहेर राहतात. काही ॲपवर कोड सतत बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालतच नाही. रिस्टबँड, म्हणजे तिकीट म्हणून मनगटावर बांधायचा पट्टा, घरपोच येणार असेल तर शोच्या आधी हातात घालू नका. त्याची कडी एकाच दिशेने सरकते, सैल करता येत नाही आणि कापलेला बँड बाद धरतात.

६. शो किती वाजता सुरू होतो आणि कधी संपतो?

उघड्या मैदानावरचा शो बहुधा रात्री दहाला संपतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण आपल्या शोला ती मिळेल असं धरू नका. त्यावरून उलटा हिशेब करा. मुख्य बँड आठच्या सुमारास, त्याआधी एक-दोन सहायक बँड, प्रत्येक बँडनंतर सामान बदलायला अर्धा-पाऊण तास, गेट दुपारी तीन-चारला. सहायक बँडला ‘फालतू’ समजून उशिरा येऊ नका. पुढे आवडणारा बँड पहिल्यांदा ऐकायला मिळतो तो बऱ्याचदा असाच.

शेवटचं गाणं झालं, बँड आत गेला, तरी लगेच निघू नका. एन्कोअरसाठी, म्हणजे शेवटच्या जादा गाण्यांसाठी, ते परत येतात. मैदानाचे दिवे लागले आणि साधं रेकॉर्डेड संगीत सुरू झालं की शो खरंच संपला.

७. नाशिकहून ट्रेनने कसं जायचं?

सकाळची पंचवटी एक्स्प्रेस बहुतेकांना पुरते. कल्याण, ठाणे आणि दादर तिन्हीकडे थांबते आणि दुपारच्या आत मुंबईत पोचवते. कुठे उतरायचं ते मैदानावर ठरतं.

महालक्ष्मी रेसकोर्स असेल तर दादरला उतरा, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेकडे जा आणि चर्चगेटची धीमी लोकल पकडा. प्रभादेवी, लोअर परळ, मग महालक्ष्मी. फास्ट लोकल महालक्ष्मीला थांबत नाही. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम असेल तर दादरपर्यंत जाऊच नका. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची पनवेल किंवा नेरूळ लोकल घ्या आणि जुईनगर किंवा नेरूळला उतरा. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी दादरहून मागे कुर्ल्याला येऊन रिक्षा घेता येते, किंवा भुयारी मेट्रो ३ चं बीकेसी स्थानक गाठता येतं.

सकाळी मिसळ खाऊन निघायला हरकत नाही, पण गेटवर शिरण्याआधी तर्री नको. पिटमध्ये पोट ढवळतं.

८. रात्री परत कसं यायचं?

हे तिकीट काढण्याआधी ठरवा. दहाला शो संपला तरी हजारो माणसं दोन-चार गेटमधून बाहेर पडायला पाऊण तास जातो. स्टेशनवर पोचेपर्यंत अकरा-साडेअकरा होतात. संध्याकाळची पंचवटी तोवर केव्हाच गेलेली असते.

पहिला मार्ग रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाडीचा. मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या नाशिकरोडला थांबतात. मध्यरात्रीनंतर सीएसएमटीहून सुटणारी वाराणसीची महानगरी एक्स्प्रेस त्यातली जुनी सवयीची. इथे दर शोला कुणीतरी हमखास चुकतं. शनिवारी रात्री शो असेल आणि गाडी बारानंतरची असेल तर आरक्षण रविवारच्या तारखेचं हवं. शनिवारचं काढलं तर तुम्ही शो पाहायला निघायच्या आधीच तुमची गाडी निघून गेलेली असते. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं आणि या गाड्या उत्तर भारतात जाणाऱ्यांनी भरतात, तेव्हा पहिल्याच दिवशी काढा. झोपताना मोबाइलवर गजर लावा, नाशिकरोड पहाटे येतं आणि गाडी फार वेळ थांबत नाही.

दुसरा मार्ग लोकलचा, आणि तो फसवा आहे. लोकल कसाऱ्याला संपते. पुढे घाट आहे, इगतपुरीपर्यंत लोकल नाही. ‘कसाऱ्याला जाऊ, पुढे काहीतरी मिळेल’ असं म्हणून निघालेले लोक पहाटेपर्यंत फलाटावर बसतात. पुढचं वाहन आधी ठरलेलं असेल तरच हे करा.

तिसरा मार्ग मुक्कामाचा. ठाणे किंवा कल्याण स्टेशनजवळ खोली घ्या, सकाळच्या गाडीने परत या. चार जणांत खर्च वाटला तर गाडीच्या पेट्रोल-टोलपेक्षा फार जास्त पडत नाही, आणि पाच तास उभ्याने काढलेल्या शरीराला झोप मिळते.

९. स्वतःच्या गाडीने गेलो तर?

अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ चार तास किंवा जास्त. मैदानाजवळ पार्किंग शोधण्यात आणि रात्री तिथून बाहेर पडण्यात तास-दीड तास जातो. गाडी ठाणे किंवा कल्याण भागात लावून पुढे लोकलने जाणं शहाणपणाचं.

५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला आहे. भिवंडीजवळ आमण्याला चढलं की कसारा घाट टळतो. रस्ता सरळ आणि रिकामा, म्हणूनच रात्री दोन-तीनला झोप लागायचा धोका तिथे जास्त. गाडी चालवणारा आधीच ठरवा. त्याने त्या दिवशी दारू घ्यायची नाही, दुपारी तासभर झोपायचं आणि पिटमध्ये मान मोडायची नाही (प्रश्न १४). शेजारी बसणाऱ्याने जागं राहायचं. डोळे जड झाले की थांबून वीस मिनिटं झोपा, चहाने झोप फक्त पुढे ढकलली जाते.

१०. बाइकने जाऊन समृद्धीवरून परत येऊ का?

नाही. समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षाला परवानगी नाही. मग उरतो जुना महामार्ग आणि कसारा घाट, तोही मध्यरात्री, ट्रकच्या रांगेत, थकलेल्या अंगाने. करू नका.

११. काय घालायचं, काय न्यायचं?

काळा टी-शर्ट हा गणवेश खरा, पण सक्ती नाही. त्याच बँडचा टी-शर्ट घातला तरी चालतो, त्यावर कुणी हसत नाही. बूट महत्त्वाचे. बंद, नाडीचे, जुने, दुहेरी गाठ मारलेले. चप्पल, सँडल पहिल्या पाच मिनिटांत जातात आणि उघड्या बोटांवर कुणाचा बूट पडला तर तुमचा शो संपला. चष्म्याला मागून दोरी लावा. मोबाइल पुढच्या खिशात, शक्यतो चेनच्या.

टोकदार खिळ्यांचे पट्टे आणि मनगटबंद गेटवर काढून घेतात. बाटली, छत्री, लायटर, अत्तराची बाटली, सेल्फी स्टिक, मोठा कॅमेरा बहुतेक ठिकाणी चालत नाही. पॉवर बँकचा नियम जागेगणिक बदलतो, तिकिटावरची यादी वाचा. औषधं असतील तर मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह. पावसाची शक्यता असेल तर पातळ प्लास्टिकचा पोंचो. सरकारी ओळखपत्र मूळ प्रत. दारूसाठी महाराष्ट्रात वयाची अट बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ आहे, काउंटरवर वय तपासतात.

पाणी आत विकत मिळतं पण पिटमधून बाहेर पडून पुन्हा आत शिरणं अवघड. म्हणून मुख्य बँडच्या आधीच्या अर्ध्या तासात, सामान बदलत असताना, पाणी पिऊन आणि स्वच्छतागृहाला जाऊन या.

१२. कानाला इअरप्लग खरंच लागतात का? मजा जात नाही?

लागतात. मोठा आवाज दिवसात जास्तीत जास्त किती वेळ सोसावा याबद्दल अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी : ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मेटल शोच्या पुढच्या भागात १०० सहज ओलांडतात आणि तुम्ही तिथे दोन तास असता. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

मजा जाते ती कापूस किंवा चुकीच्या प्लगमुळे. कापसाने आवाज नीट अडत नाहीच. फोमचे प्लग मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात, पण ते वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळे आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटतो. फिल्टर असलेले, संगीतासाठी बनवलेले प्लग सगळे सूर साधारण सारखे खाली आणतात. गाणं तेच राहतं, फक्त आवाज कमी होतो, आणि गायकाचे शब्द उलट जास्त स्पष्ट होतात.

फोमचा प्लग नुसता कानात ठेवून उपयोग नाही. कोरड्या, स्वच्छ बोटांनी तो सुरकुती न पडता बारीक वळा. दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. तपासणी सोपी आहे. दोन्ही कानांवर तळवे दाबा. आवाज एकदम आणखी कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही, पुन्हा घाला. एक जोडी जादा ठेवा, पिटमध्ये पडलेला प्लग सापडत नाही.

१३. मॉशपिट म्हणजे मारामारी का? पडलो तर?

मारामारी नव्हे. मॉशपिट म्हणजे गर्दीत मोकळी जागा करून एकमेकांना धडकत नाचणं. बाहेरून मारामारी दिसते, आत शिस्त असते, आणि पहिला नियम जगभर एकच : कुणी पडला की सगळ्यांनी थांबून त्याला उचलायचं. पडलेल्याभोवती दोघं-तिघं हात पसरून कडं करतात, तो उभा राहिला की पुन्हा सुरू. बूट किंवा फोन सापडला तर हात उंच करून धरायचा. कोपर, बुक्की, लाथ नाही. कडेला उभ्या असलेल्या माणसाला जबरदस्तीने आत ओढायचं नाही. गर्दीच्या आडून कुणाला नको तिथे हात लावणारा दिसला तर त्याला बाहेर काढायला आजूबाजूच्यांनी पुढे यावं आणि सुरक्षारक्षकाला दाखवावं.

सर्कल पिटमध्ये सगळे एकाच दिशेने गोल पळतात. शिरताना त्याच दिशेने तिरके शिरा, आडवे घुसलात तर टक्कर ठरलेली. वॉल ऑफ डेथमध्ये गर्दी दोन भागांत मागे सरते आणि इशारा मिळताच एकमेकांवर धावून जाते. मधली जागा रिकामी होऊ लागली की समजा. नको असेल तर तेव्हाच मागे या, पहिल्या शोला मागेच या.

पिटपेक्षा धोक्याची गोष्ट म्हणजे रेलजवळचा दाब. मागून लाट आली की हात छातीपुढे मुठी वळून धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेविरुद्ध जोर लावू नका. लाट ओसरली की तिरके कडेला सरका. श्वास अडतोय असं वाटलं तर लाज न धरता पुढच्या रक्षकाकडे हात करा, बॅरिकेडवरून उचलून काढणं हे त्याचं कामच आहे. खरंच पडलात आणि उठता येईना तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, हातांनी डोकं झाका.

१४. हेडबँगिंगने, म्हणजे तालावर डोकं जोरात हलवल्याने, मान दुखते. योग्य पद्धत कोणती?

नुसती मान झटकू नका. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे सैल ठेवा आणि कमरेपासून वरचं अंग हलवा, मान त्याबरोबर जाऊ द्या. दर ठोक्याला करायचं कारण नाही, एका आड एक पुरतो. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर एक अभ्यास आला होता. सरासरी गाणं मिनिटाला १४६ ठोक्यांचं असतं, आणि त्या गतीला डोक्याची हालचाल ७५ अंशांपुढे गेली तर सौम्य इजेची शक्यता वाढते, असं त्यांनी मांडलं. म्हणजे गाणं वेगवान तितकी हालचाल लहान.

दुसऱ्या दिवशी मान आखडणं नेहमीचं आहे. पण हातात मुंग्या, उलटी किंवा दिवसागणिक वाढत जाणारी डोकेदुखी असेल तर डॉक्टरांना गाठा आणि हेडबँगिंग केल्याचं सांगा. डोक्यात रक्तस्राव होण्याची उदाहरणं अगदी विरळ, पण नोंदलेली आहेत.

१५. शो झाल्यावर कानात गुंई असा आवाज येतोय. काय करू?

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी कानाला शांतता द्या, परतीच्या प्रवासात हेडफोन नको. बहुधा एक-दोन दिवसांत जातो. त्यापुढे राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी जा, कारण उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होतो. पुढच्या वेळेसाठी प्रश्न १२.

१६. घरचे म्हणतात ही सैतानाची गाणी. काय सांगू?

कवट्या, आग, भुतं हे या संगीताचं नेपथ्य आहे. १९७० मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथने भीतीचं वातावरण सुरांत आणलं, तिथून ते चालत आलं. त्या बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी कारखान्यात काम करताना उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावून बसला होता. त्याने स्वतः टोपणं बनवून बोटांवर चढवली, तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांतून पुढे जड, खर्जातला आवाज घडला. तर्जनी आणि करंगळी वर करण्याची खूण रॉनी जेम्स डिओने लोकप्रिय केली. ती त्याने आपल्या इटालियन आजीकडून घेतली होती, दृष्ट लागू नये म्हणून ती करायची. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळतात, तसंच. आई-बाबांना हे सांगा आणि त्याबरोबर परतीच्या गाडीचं आरक्षण दाखवा. खरी काळजी बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीची असते.

१७. दहा-बारा वर्षांच्या मुलाला नेता येईल का?

वयाची अट तिकिटावर असते, ती आधी वाचा. परवानगी असेल तर फॅन पिट नाही, डेस्कच्या मागे, कडेला (प्रश्न ३). लहान कानात फोमचा प्लग नीट बसत नाही, तेव्हा कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्या. शर्टाच्या आत तुमचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि हरवल्यास भेटायची खूण म्हणून डेस्क ठरवा, कारण गर्दीत फोनचं नेटवर्क जातं.

१८. शो रद्द झाला तर पैसे मिळतात का?

तिकिटाचे सहसा परत येतात, ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने. बुकिंग शुल्क परत मिळेलच असं नाही. गाडी, खोली यांचे तुमचे गेले. म्हणून खोली रद्द करता येणारी घ्या. हे ऐन वेळीही होतं. २८ ऑक्टोबर २०११ ला गुडगावात मेटालिकाचा शो प्रेक्षक मैदानात जमल्यावर थांबवावा लागला, स्टेजसमोरच्या बॅरिकेडच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. चिडलेल्या काहींनी स्टेजवर चढून सामानाची मोडतोड केली. अशी घोषणा झाली तर पुढे न जाता कडेच्या गेटने शांतपणे बाहेर पडा. तिकिटाचा मेल आणि रिस्टबँड जपून ठेवा.

पुढे ढकलला असेल तर जुनं तिकीट नव्या तारखेला बहुधा चालतं. नवी तारीख जमत नसेल तर परताव्याची मुदत ठरावीक दिवसांची असते, ती चुकवू नका. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिकला सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या दिवसांतल्या कुठल्याही शोसाठी गाडीचं आरक्षण ६० दिवसांच्या पहिल्या सकाळी काढा आणि नाशिकरोडहून घरी जायचं वाहनही ठरवून ठेवा.